विश्लेषण : काक्षी ताऱ्याचा स्फोट आपल्या हयातीत दिसेल?

मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी ताऱ्याचा स्फोट ‘कधीही’ होऊ शकतो आणि मग दिवसाढवळ्या आकाशात दुसरा सूर्य दिसेल, असे संदेश गेली काही वर्षे अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतात. काक्षीचा स्फोट होणार, हे खरे आहे. ‘कधीही’ या शब्दाचा खगोलशास्त्रातील अर्थ मात्र फार वेगळा आहे आणि दुसऱ्या सूर्याची गोष्ट निव्वळ अतिशयोक्ती आहे. दुसरीकडे, आपल्या आकाशगंगेत कुठला ना कुठला तारा आपल्या आयुष्यात फुटण्याची शक्यता अनेकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे.

काक्षी चर्चेत कसा आला?

बीटलज्यूस या नावाने जगभर ओळखला जाणारा काक्षी हा आकाशातील सर्वांत तेजस्वी दहा ताऱ्यांपैकी एक. मृगाच्या चार पायांपैकी एका पायाच्या जागी तो दिसतो. पंचांगातील आर्द्रा नक्षत्राचा योगतारा तोच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याचे तेज साधारण ४०० दिवसांच्या चक्रात कमी-जास्त होत असते, हे खूप आधीपासून माहीत होते. पण २०१९च्या अखेरीस ते नेहमीपेक्षा झपाट्याने घसरू लागले. अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाचे एडवर्ड गिनान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबरमध्ये त्याकडे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०२०मध्ये काक्षीचे तेज नेहमीच्या ४० टक्क्यांहूनही खाली गेले. नुसत्या डोळ्यांनीही फरक जाणवत होता. हीच स्फोटाची पूर्वतयारी, असा तर्क तेव्हा बराच रंगला.

एप्रिलपर्यंत तारा पूर्ववत झाला. चिलीमधील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने घेतलेल्या छायाचित्रांत त्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला होता. ताऱ्याने वायूचा एक मोठा लोळ बाहेर फेकला, पृष्ठभागाचा काही भाग थंड झाला, वायू निवून त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला, असे स्पष्टीकरण आता बहुतेकांना मान्य आहे. थोडक्यात, तेज घटले ते ताऱ्यासमोर पडदा आल्यामुळे. त्याच्या गाभ्यात काही बिघडल्याची ती खूण नव्हती.

तारा फुटतो म्हणजे नेमके काय होते?

ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होत असते. त्यातून निघणारी ऊर्जा बाहेर ढकलत असते आणि ताऱ्याचे स्वतःचे वजन आत दाबत असते. या दोहोंचा तोल असेतो तारा टिकतो. सूर्याच्या साधारण आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमान असलेले तारे हायड्रोजन संपल्यावर हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि शेवटी सिलिकॉन असे एकेक इंधन वापरतात. सिलिकॉनपासून लोह तयार झाले की खेळ संपतो, कारण लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर प्रचंड वेगाने उधळले जातात. हा अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते.

स्फोटाचा दुसराही एक प्रकार आहे. सूर्यासारखा तारा विझल्यावर त्याचा श्वेतखुजा उरतो. जोडीदार ताऱ्याकडून वस्तुमान ओढून किंवा दुसऱ्या श्वेतखुजाशी एकरूप होऊन तो मर्यादेबाहेर जड झाला, तर तो संपूर्ण फुटतो. पुढे येणाऱ्या गणितासाठी हा प्रकार महत्त्वाचा आहे.

‘लवकरच’ म्हणजे किती वर्षांत?

ताऱ्याची इंधने जितकी पुढची, तितकी लवकर संपतात. काक्षीएवढ्या ताऱ्याचा हायड्रोजन लाखो वर्षे पुरतो, हेलियम साधारण दहा लाख वर्षे, कार्बन काहीशे ते हजारेक वर्षे, ऑक्सिजन काही महिने आणि सिलिकॉन जेमतेम एखादा दिवस. त्यामुळे स्फोटाला किती अवकाश आहे हे ठरवायचे, तर गाभ्यात सध्या कोणते इंधन जळते आहे हे कळायला हवे. अडचण अशी की गाभा दिसत नाही. काक्षीचा बाहेरचा फुगीर थर इतका विस्तीर्ण आहे की तारा सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही गिळून टाकेल. गाभ्यातील शेवटच्या घडामोडी इतक्या वेगाने होतात की त्यांची खबर या थरापर्यंत वेळेत पोहोचतच नाही. म्हणजे स्फोटाच्या आदल्या वर्षीही तारा बाहेरून आजच्यासारखाच दिसू शकतो.

म्हणून शास्त्रज्ञ ताऱ्याच्या स्पंदनांवरून त्याचा आकार आणि वय यांचा अंदाज बांधतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील मेरिडिथ जॉयस आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये काढलेला निष्कर्ष असा : काक्षी सुमारे ५५० प्रकाशवर्षे दूर आहे, त्याची त्रिज्या सूर्याच्या साधारण ७५० पट आहे, तो अद्याप हेलियम जाळतो आहे आणि स्फोटाला एक लाखाहून अधिक वर्षे आहेत.

२०२३मध्ये जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे हिदेयुकी सायो आणि सहकाऱ्यांनी वेगळे मत मांडले. काक्षीच्या तेजात ४०० दिवसांखेरीज सुमारे सहा वर्षांचेही एक चक्र आढळते. हे दीर्घ चक्रच ताऱ्याचे मूळ स्पंदन मानले, तर तारा बराच मोठा असायला हवा, कार्बनचा टप्पा संपत आलेला असायला हवा आणि स्फोट काही दशकांत होऊ शकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘कधीही’च्या बातम्यांना याच शोधनिबंधाने पुन्हा ऊत आणला. पण या गृहीतकासाठी लागणारा आकार प्रत्यक्ष मोजमापांशी जुळत नाही, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी लगेच घेतला.

जोडीदार सापडल्याने काय बदलले?

सहा वर्षांच्या चक्राचे दुसरे स्पष्टीकरण म्हणजे काक्षीभोवती फिरणारा एखादा लहान तारा. २०२४मध्ये दोन स्वतंत्र गटांनी गणिताने असा जोडीदार असल्याचे सुचवले. जुलै २०२५मध्ये हवाईतील ‘जेमिनी नॉर्थ’ दुर्बिणीने काक्षीला अगदी खेटून असलेला एक अंधुक ठिपका टिपल्याचे जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला ‘सिवार्हा’ हे नाव दिले. अरबीत त्याचा अर्थ ‘तिचे कंकण’. त्या छायाचित्राचा पुरावा तसा क्षीण आहे. हा जोडीदार काक्षीपासून पुन्हा जास्तीत जास्त दूर दिसण्याची संधी नोव्हेंबर २०२७मध्ये आहे.

दीर्घ चक्र जोडीदारामुळे घडत असेल, तर ते ताऱ्याचे स्पंदन ठरत नाही. मग तारा अवाढव्य असण्याचे आणि पर्यायाने काही दशकांत स्फोट होण्याचे कारणच उरत नाही. आजघडीला पारडे एक लाख वर्षांच्या बाजूने झुकले आहे ते यामुळे.

सोपा हिशोब करू. स्फोट पुढच्या एक लाख वर्षांत केव्हाही होऊ शकतो आणि प्रत्येक वर्षाची शक्यता सारखीच, असे धरले, तर ८० वर्षांच्या आयुष्यात तो दिसण्याची शक्यता ०.०८ टक्के येते. म्हणजे हजारात एकाहूनही कमी.

स्फोट आधीच झाला असेल का?

काक्षीचा आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा महाराष्ट्रात बहमनी सत्ता होती. त्यामुळे ‘तो आधीच फुटला असेल, आपल्याला कळायचे आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. तर्क म्हणून त्यात चूक नाही. पण त्यालाही वरचाच हिशोब लागू होतो. एक लाख वर्षांतील ५५० वर्षे म्हणजे जवळपास अर्धा टक्का. काक्षी आजही शाबूत असण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक आहे.

मग आपल्याला अतिनवतारा दिसणारच नाही का?

इथे चित्र पालटते. एकाच ताऱ्यावर नजर ठेवण्याऐवजी संपूर्ण आकाशगंगेचा विचार केला, तर शतकात साधारण एक ते तीन तारे फुटतात, असा अंदाज आहे. इतर दीर्घिकांतील स्फोटांची मोजदाद, आकाशगंगेतील किरणोत्सारी अॅल्युमिनियमचे प्रमाण, महाकाय ताऱ्यांची संख्या अशा वेगवेगळ्या मार्गांनी हा आकडा काढला जातो. शतकात दोन स्फोट धरले, तर ८० वर्षांत किमान एक स्फोट होण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास येते.

मात्र स्फोट होणे आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसणे यात फरक आहे. बहुतेक महाकाय तारे आकाशगंगेच्या प्रतलात असतात आणि तिथेच धुळीचे दाट ढग आहेत. आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूचा स्फोट या धुळीआड झाकला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आकाशगंगेच्या केंद्राजवळ असाच एक स्फोट झाला होता, पण त्याचा पत्ता रेडिओ आणि क्ष-किरण दुर्बिणींमुळे फार उशिरा लागला.

गेल्या हजार-अकराशे वर्षांत नुसत्या डोळ्यांनी दिसलेले आणि ठामपणे ओळखता येणारे आकाशगंगेतील अतिनवतारे पाच आहेत : १००६, १०५४, ११८१, १५७२ आणि १६०४. यापैकी १०५४चा तारा चिनी नोंदींनुसार २३ दिवस भरदिवसा दिसत होता. त्याचेच अवशेष आज क्रॅब तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. पुण्यात जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी प्राचीन भारतीय साहित्यात अशा ताऱ्यांच्या नोंदींचा शोध घेतला होता, पण निःसंदिग्ध उल्लेख हाती लागला नाही. हजार वर्षांत पाच हा वेग धरला, तर ८० वर्षांत एखादा दिसण्याची शक्यता ३३ टक्के येते. तिघांतल्या एकाला दिसावा इतकी ही शक्यता आहे.

या पाचांची आणखी एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. ते सगळे हजारो प्रकाशवर्षे दूर होते आणि १००६, १५७२ व १६०४चे स्फोट श्वेतखुजांचे होते. असे श्वेतखुजे इतके अंधुक असतात की स्फोटाआधी त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. १९८७मध्ये शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटला आणि दक्षिण गोलार्धात नुसत्या डोळ्यांनी दिसला. महाराष्ट्रातून आकाशाचा तो भाग क्षितिजाला इतका चिकटलेला असतो की तो दिसणे जवळपास अशक्यच होते. फुटलेल्या ताऱ्याची नोंद जुन्या यादीत होती, पण तो निळा महाराक्षसी तारा होता. असे तारे या अवस्थेत फुटतील, अशी तोवर कुणाची अपेक्षा नव्हती. पुढचा अतिनवताराही असाच अनोळखी असण्याचा संभव जास्त आहे.

चारशे वर्षे झाली, आता ‘पाळी’ आली का?

१६०४मध्ये केपलरने अभ्यासलेल्या ताऱ्यानंतर आकाशगंगेतला एकही अतिनवतारा नुसत्या डोळ्यांनी ठळकपणे दिसलेला नाही. दुर्बिणीचा वापर १६०९नंतर सुरू झाला, म्हणजे आपल्या दीर्घिकेतील असा स्फोट दुर्बिणीतून पाहण्याचा योग माणसाला अजून आलेला नाही. त्यामुळे आता एखादा स्फोट ‘येणे बाकी’ आहे, असे म्हटले जाते. ही समजूत फसवी आहे. दूरदूरच्या ताऱ्यांचे एकमेकांशी काही देणे-घेणे नसते. सलग पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्यांदा काटा पडण्याची शक्यता वाढत नाही, तसेच हे आहे. हजार वर्षांत पाच या वेगाने ४२० वर्षांचा खंड पडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के येते. खंड मोठा आहे, पण चमत्कारिक नाही.

२०२४मध्ये ज्याची वाट पाहिली, तो तारा कोणता?

उत्तर मुकुट तारकासमूहातील टी कोरोनी बोरिअॅलिस या जोडताऱ्याची बातमीही अनेकदा ‘तारा फुटणार’ अशी दिली गेली. तो नवतारा आहे, अतिनवतारा नाही. तिथला श्वेतखुजा शेजारच्या तांबड्या ताऱ्याकडून हायड्रोजन ओढतो आणि साठलेल्या थराचा ठरावीक काळाने भडका उडतो. तारा मात्र टिकून राहतो. १८६६ आणि १९४६मध्ये असे भडके नोंदवले गेले. साधारण ८० वर्षांचे चक्र आणि तेजातील बदल पाहून पुढचा भडका २०२४मध्ये उडेल, असा अंदाज होता, पण ते वर्ष कोरडेच गेले. भडका उडाला की हा तारा काही दिवस ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी दिसावा. आयुष्यात एकदा पाहावे असे हे दृश्य खरेच आहे आणि ते दिसण्याची आशा काक्षीपेक्षा कितीतरी पटींनी रास्त आहे.

काक्षी फुटलाच तर काय दिसेल?

साधारण आठवडाभरात त्याचे तेज अर्ध्या चंद्राइतके होईल. हा सगळा प्रकाश एका बिंदूतून येईल, त्यामुळे तो डोळ्यांत भरेल, रात्री सावल्या पडतील आणि दिवसाही तो सहज दिसेल. सुमारे तीन महिने हे तेज टिकेल, मग उतरत जाईल. दोन-तीन वर्षांनी काक्षीची जागा नुसत्या डोळ्यांना रिकामी दिसेल आणि मृगाचा एक पाय कायमचा जाईल. दुसरा सूर्य म्हणावे असे काही घडणार नाही, कारण पूर्ण चंद्रही सूर्याच्या सुमारे चार लाख पट फिका असतो.

हे घडले ते जूनमध्ये असेल, तर एक गंमत होईल. पेरण्यांच्या त्या दिवसांत सूर्यच मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत असतो. काक्षी तेव्हा सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो. महाराष्ट्रात वर पावसाचे ढग. शतकांतली सर्वांत मोठी खगोलीय घटना सुरुवातीला काही आठवडे बातम्यांतच पाहावी लागेल.

पृथ्वीला धोका आहे का?

काक्षीपासून नाही. अतिनवताऱ्याचे क्ष-किरण, गॅमा किरण आणि वैश्विक किरण पृथ्वीच्या ओझोन थराला गंभीर इजा करू शकतात, पण त्यासाठी स्फोट साधारण २५-३० प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो. काही अंदाज ही मर्यादा ५० प्रकाशवर्षांच्या थोडी पुढे नेतात. अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथाईवर येतो. काक्षी ३० प्रकाशवर्षांच्या १८ पट दूर आहे, म्हणजे तिथून होणारा मारा ३०० पटींहून कमी. धोक्याच्या कक्षेत आज फुटण्याच्या बेतात असलेला एकही तारा माहीत नाही. ज्येष्ठा काक्षीइतकाच दूर आहे, तर चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षांवर.

याआधी मध्यम अंतरावरचे स्फोट झालेले आहेत. समुद्रतळाच्या थरांत लोह-६० या किरणोत्सारी लोहाचे अणू सापडतात. ते पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या जवळजवळ तयार होत नाहीत आणि काही दशलक्ष वर्षांत निम्मे होतात. त्यावरून सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी आपल्या परिसरात अतिनवतारा झाल्याचे दिसते. मानवाचे पूर्वज तेव्हा आफ्रिकेत होते आणि ते तगले.

स्फोटाची आगाऊ सूचना मिळेल का?

मिळेल, पण प्रकाशातून नाही. गाभा कोसळताना बाहेर पडणारी बहुतांश ऊर्जा न्यूट्रिनो हे कण घेऊन जातात. ते ताऱ्याच्या थरांतून विनाअडथळा बाहेर पडतात, तर स्फोटाच्या लाटेला पृष्ठभागावर यायला काही तासांपासून दिवसभर लागू शकतो. १९८७मध्ये जपान, अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघातील उपकरणांनी प्रकाश येण्याच्या दोन-तीन तास आधी असे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो टिपले होते. आज त्याहून कितीतरी मोठी उपकरणे आहेत आणि ती ‘स्न्यूज’ या इशारा जाळ्याने जोडलेली आहेत. काक्षीइतक्या जवळच्या ताऱ्यात तर सिलिकॉन जळू लागल्यावर निघणारे न्यूट्रिनोही जपानमधील उपकरणांना जाणवू शकतील, म्हणजे काही तास ते दिवसभर आधी सूचना.

आकाशगंगेतील स्फोटातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी आजवर टिपल्या गेलेल्या नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती पूर्ण झाल्यावर अशा लहरी कोणत्या दिशेने आल्या, हे अधिक अचूकपणे सांगता येईल. दुर्बिणी वेळेत योग्य दिशेला वळवण्यासाठी हीच माहिती कळीची असते. असा स्फोट पुन्हा कधी होईल, याचा नेम नाही. उपकरणे बंद असताना तो झाला, तर पुढच्या संधीसाठी आणखी कित्येक दशके थांबावे लागेल. म्हणूनच ही यंत्रणा रात्रंदिवस जागी ठेवण्यावर जगभरात खर्च होतो.

यापुढे काक्षीची बातमी कशी वाचावी?

तेज कमी झाले किंवा वाढले, एवढ्यावरून स्फोटाचे भाकीत केलेले असेल, तर ते सोडून द्यावे. न्यूट्रिनोंच्या इशाऱ्याचा उल्लेख असेल आणि एकाहून अधिक देशांतील उपकरणांनी त्याला दुजोरा दिला असेल, तर मात्र गच्ची गाठावी. तोवर काक्षी पाहण्यासाठी डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. संध्याकाळी मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे शोधले की त्यांच्या एका बाजूला निळसर पांढरा राजन्य आणि बरोबर विरुद्ध बाजूला तांबूस काक्षी दिसतो. मुंबई-पुण्याच्या उजेडातही तो ओळखता येतो. त्याचे तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून महिन्यामहिन्याला टिपून ठेवले, तर त्याचे चढउतार दुर्बिणीशिवायही कळतात. जगभरातील हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी शास्त्रज्ञ आजही वापरतात.